तांब्याच्या तारेवरून फायबरवर: जुना लँडलाइन नंबर न गमावता कसं जायचं

‘फोन बंद करायचा आहे’ आणि ‘फोन फायबरवर घ्यायचा आहे’ हे दोन वेगळे अर्ज आहेत. घाईत पहिला दिला की नंबर जातो. नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या मामांनी नेमकं हेच केलं. दर पावसाळ्यात तार खराब होते म्हणून वैतागून त्यांनी लिहून दिलं, ‘जुने कनेक्शन बंद करून नवीन फायबर द्यावे.’ जे लिहिलं तेच झालं. जुनं बंद, नवीन सुरू, नंबरही नवीन. दुकानाच्या बिलबुकावर, पाटीवर आणि अर्ध्या इतवारीच्या डायऱ्यांत असलेला ०७१२चा नंबर गेला तो गेलाच.

त्यानंतर नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच घरांचे फोन बदलताना मी मुद्दाम हजर राहिलो. चुका त्याच त्या होतात आणि बहुतेक क्रमाच्या असतात. जे शेवटी करायचं ते आधी होतं आणि जे आधी बघायचं ते कोणी बघतच नाही.

१. तारेवर काय काय लटकलंय ते मोजा

अर्ज करायच्या आधी अर्धा तास घरात फिरा. तार आत येते तिथे भिंतीवर पांढरी रोझेट डबी असते. तिथून तार कुठे कुठे गेली ते शोधा. हॉलमधला फोन सगळ्यांना आठवतो. वरच्या माळ्यावरचं एक्स्टेन्शन आणि पलंगामागचा सॉकेट कोणालाच आठवत नाही.

दुकान किंवा दवाखाना असेल तर यादी लांबते: फॅक्स, इंटरकॉमचा ईपीएबीएक्स, फोन लाइनवर चालणारं जुनं कार्ड स्वाइप मशीन, चोरीचा अलार्म, अपार्टमेंटच्या लिफ्टमधला आपत्कालीन फोन. ही यंत्रं तांब्याच्या तारेसाठी बनलेली असतात. फायबरवर आवाज डिजिटल पाकिटांतून जातो. माणसाचं बोलणं त्यातून नीट पोचतं, पण फॅक्स आणि अलार्मचे कर्कश सूर कधी पोचतात, कधी अर्धवट राहतात. अलार्म आणि लिफ्टच्या फोनसाठी त्या-त्या कंपनीला आधी विचारा. सिम कार्डवर चालणारा पर्याय बहुतेक वेळा बरा पडतो.

बोट घालून फिरवायचा जुना डायलचा फोन जपून ठेवला असेल, तर एक वाईट बातमी: फायबरच्या डबीला त्याचे ठोके बहुतेक वेळा समजत नाहीत. त्यावर आलेला फोन घेता येईल, लावता येणार नाही. साधा बटणांचा आणि कॉर्डलेस, दोन्ही चालतात.

जुना ब्रॉडबँड मोडेम फायबरवर चालत नाही. तो कंपनीचा भाड्याचा असेल तर फेकू नका, परत करावा लागेल.

२. फोन कोणाच्या नावावर आहे ते बघा

नागपुरातल्या जुन्या घरांत फोन आजोबांच्या नावावर असतो आणि आजोबा जाऊन पंधरा वर्षं झालेली असतात. बिल भरलं जातं, म्हणून कोणाचं अडत नाही. बदलाचा अर्ज द्यायला गेलं की अडतं.

अशा वेळी आधी नाव बदलून घ्या, मग फायबरचा अर्ज. मृत्यूचा दाखला, स्वतःचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि इतर वारसांचं ना-हरकत पत्र सोबत ठेवा. बहिणी पुण्या-मुंबईकडे असतील तर सह्यांना वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यांत आधी सुरू करा. नाव आणि फायबर दोन्ही एकाच अर्जात कोंबू नका. असा अर्ज या टेबलवरून त्या टेबलवर फिरतो आणि कुठेच संपत नाही.

खात्याला जोडलेला मोबाइल नंबरही तपासा. ओटीपी त्यावरच येतो. कोणाचा तरी बंद पडलेला नंबर तिथे बसलेला असतो.

*तपासा:* शेवटचं बिल, त्यावरचा खाते क्रमांक, भरलेल्या अनामत रकमेची पावती आणि थकबाकी शून्य असल्याची नोंद. वर्षाचा प्लॅन एकदम भरला असेल तर उरलेले महिने कसे वळते होणार, हे लेखी घ्या.

३. अर्जात काय लिहायचं

साध्या मराठीत एवढं पुरे: ‘माझा लँडलाइन क्रमांक ०७१२-२… हा आहे तोच क्रमांक कायम ठेवून तांब्याच्या तारेवरून फायबरवर बदलून द्यावा.’ ‘बंद’, ‘सरेंडर’, ‘नवीन कनेक्शन’ हे तीन शब्द अर्जात कुठेही येऊ देऊ नका. ऑनलाइन किंवा फोनवर अर्ज करत असाल तर समोरच्याने काय नोंदवलं ते त्याच्याकडून वाचून घ्या आणि नोंदणी क्रमांक लिहून ठेवा.

दुसऱ्या कंपनीचं फायबर स्वस्त पडतंय आणि नंबर मात्र जुनाच हवा, असा बेत असेल तर तो सोडा. मोबाइलचा नंबर कंपनी बदलताना सोबत नेता येतो, लँडलाइनला ती सोय नाही. नंबर हवा असेल तर कंपनी तीच ठेवावी लागते. नंबराचं काही घेणं-देणं नसेल तर कोणाचंही घ्या, पुढचे बरेच टप्पे तरीही लागू आहेत.

*सावध:* गल्लीत जोडणी द्यायला येणारा माणूस अनेकदा कंपनीचा नोकर नसतो, स्थानिक भागीदार किंवा केबलवाला असतो. काम तोही चांगलं करतो. पण नंबराबद्दल त्याने तोंडी दिलेला ‘होऊन जाईल भाऊ’ हा शब्द कंपनीच्या नोंदीत नसतो.

४. डबीची जागा आणि तिची वीज

ज्याला कंपनीचा माणूस ओएनटी म्हणतो आणि घरातले सगळे मोडेम म्हणतात, ती डबी कुठे बसणार हे तो यायच्या आधी ठरवा. नाही ठरवलं तर तो दाराजवळच बसवतो, कारण केबल तिथे संपते. मग मागच्या खोलीत वायफाय येत नाही म्हणून वर्षभर कुरकुर. फायबर घरात आणखी पंधरा मीटर आणलं तर त्यातून येणारा उजेड, म्हणजे सिग्नल, जवळजवळ कमी होत नाही. वायफाय अडवायला मात्र जुन्या घराच्या दोन जाड भिंती आणि एक स्लॅब पुरेसा असतो. म्हणून डबी घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर, उघड्या जागी ठेवा. लोखंडी कपाटावर नको, टीव्हीच्या मागे नको.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. पश्चिमेची भिंत रात्री नऊलाही तापलेली असते, तिथे डबी नको. आणि कूलरच्या वाऱ्याच्या थेट वाटेवर तर नकोच. तो गारवा आपल्याला बरा वाटतो, पण ओल आणि बारीक शिंतोडे डबीच्या पोटात जातात.

आता विजेचं. हा या लेखातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे आणि सगळ्यांत जास्त लोक इथेच चुकतात. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजकडूनच सुमारे ४८ व्होल्ट यायचे, म्हणून घरची लाइट गेली तरी फोन चालायचा. फायबर म्हणजे काच. तिच्यातून उजेड येतो, वीज येत नाही. घरची लाइट गेली की डबी बंद, आणि डबी बंद की लँडलाइनही बंद. घरात एकटे आजी-आजोबा असतील तर हे त्यांना आधीच सांगा. नाही तर मध्यरात्री रिसीव्हर कानाला लावतील आणि त्यात काहीच ऐकू येणार नाही.

घरात इन्व्हर्टर असेल तर डबीचा प्लग इन्व्हर्टरच्या सर्किटवरच्या बोर्डात हवा. पंखा-लाइट इन्व्हर्टरवर असतात, पण खालचा प्लग असेलच असं नाही. मेन स्विच पाडून बघा. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस घ्या. घेताना ओएनटीच्या अ‍ॅडॅप्टरवरचे आकडे वाचा. बहुतेक १२ व्होल्टच्या असतात, पण तुमच्या डबीवर जे छापलंय तेच खरं. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनचं धन-ऋण जुळलेलं.

५. केबल घरात येताना

इथे घाई करू देऊ नका. माणूस दिवसाला चार-पाच जोडण्या करतो. तुमच्या भिंतीतून पुढची दहा वर्षं पाणी येतं का, याची काळजी तुम्हालाच करायची आहे.

खांबावरून येणाऱ्या ड्रॉप केबलमध्ये बऱ्याचदा एक पोलादी तार असते. ती ताण सहन करायला असते. ती बाहेरच्या हुकाला बांधून तिथेच संपवायची, आत आणायची नाही. फायबर स्वतः वीज वाहत नाही, त्यामुळे मृगाच्या विजा तांब्याच्या तारेतून यायच्या तशा त्यातून येत नाहीत. पण ही पोलादी तार घरात घेतली तर तो फायदा गेला. महावितरणच्या तारेला घासत येणारी केबल तर सरळ नाकारा, दुसऱ्या बाजूने आणायला सांगा.

भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं हवं. भोकात शिरायच्या आधी केबलला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकतं, आत येत नाही. नंतर भोक सिलिकॉनने बुजवा. हे न केलेल्या एका घरात पहिल्याच मोठ्या पावसात पाणी केबलवरून चालत थेट स्विचबोर्डात उतरलेलं मी बघितलं आहे.

केबल वाकवताना मोठं वळण. काटकोनात दाबलेल्या फायबरमधून उजेड गळतो, वरून काहीच दिसत नाही आणि स्पीड मात्र पडलेला असतो. खिळा ठोकून, दारात चिमटून, पलंगाच्या पायाखालून असं काहीही नको. प्लास्टिकच्या क्लिप वापरा आणि डबीजवळ एक-दोन मीटर केबल गोल गुंडाळून राखीव ठेवा. पुढे टोक तुटलं तर तेवढ्यातून नवं करता येतं.

नागपुरी चूक: कूलरच्या खिडकीतून केबल. ऑक्टोबरात जोडणी होते तेव्हा ती खिडकी मोकळी दिसते, केबल मजेत आत येते. मार्चमध्ये कूलर बसतो आणि त्याचं पत्र्याचं अंग केबलवर चढतं. त्या खिडक्या सोडून द्या.

दुसरी गोष्ट गच्चीची. गच्चीवरून लोंबत जाणारी केबल संक्रांतीच्या आसपास टिकत नाही. अडकलेली पतंग काढायला पोरं मांजा ओढतात, त्यासोबत केबलही येते. शक्य असेल तर भिंतीला धरून खालून आणा.

*सावध:* फायबरच्या उघड्या टोकात डोळा लावून बघू नका. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. कापलेले केसासारखे काचेचे तुकडे टेपवर गोळा करून फेकायला लावा. पोरं त्याच फरशीवर रांगतात.

६. पॉवर किती येतोय ते विचारा

टोक जोडून झालं की माणूस मीटर लावतो. तेव्हा शेजारी उभे राहा आणि विचारा, ‘भाऊ, पॉवर किती येऊन राहिला?’ उत्तर उणे आकड्यात येईल. उणे १८, उणे २२ असं. एककाचं नाव डीबीएम.

एक्स्चेंजकडून येणारा उजेड वाटेतल्या स्प्लिटरमध्ये ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो, म्हणून तो घरी अगदी थोडा पोचतो आणि आकडा उणे असतो. शून्याच्या जवळचा आकडा म्हणजे जास्त उजेड. दर ३ने आकडा खाली गेला की उजेड निम्मा होतो. उणे १५ ते उणे २४ असेल तर निर्धास्त. साधारण ओएनटीची हद्द उणे २७ च्या आसपास असते. म्हणजे उणे २६ वर डबी आज चालेल, हिरवा दिवाही लागेल, पण जोडात थोडी धूळ बसली की बंद. असा आकडा आला तर सही करू नका. टोक पुन्हा कापून, पुसून लावायला सांगा. बहुतेक वेळा तेवढ्याने सुधारतो.

टोकाचा रंगही बघा. हिरव्या टोकाची काच तिरकी घासलेली असते, निळ्याची सरळ. हिरवं हिरव्यातच जातं. निळ्यात घुसवलं तरी ते बसतं, हीच पंचाईत आहे. बसतं, पण उजेड वाया जातो.

*तपासा:* पॉनचा (एक्स्चेंजशी जोडणी झाल्याचा) दिवा स्थिर हिरवा, लॉसचा (उजेड पोचत नसल्याचा) लाल दिवा बंद. आकडा आणि तारीख कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून डबीच्या खाली चिकटवा.

७. आधी इंटरनेट, मग नंबर

एकच नंबर तांब्यावर आणि फायबरवर एकाच वेळी चालत नाही. नंबर नव्या यंत्रणेत टाकला की जुन्या तारेवरचा डायल टोन जातो. म्हणून फायबर पेटून, इंटरनेट चालून, निदान एक रात्र स्थिर राहिल्यावर नंबर हलवायला सांगा. सगळं एकाच दिवशी करायचा त्यांचा आग्रह असेल तर कामाच्या दिवशी सकाळची वेळ घ्या. शनिवारी संध्याकाळी नंबर हलवला आणि कुठे अडकला तर सोमवारपर्यंत फोन नाही.

स्पीड वायफायवर मोजून भांडू नका. लॅपटॉप केबलने डबीला जोडा आणि मग मोजा. केबलनेही आकडा ९०-९५ च्या वर जातच नसेल, तर डबीचा किंवा लॅपटॉपचा पोर्टच १०० एमबीपीएसचा असू शकतो किंवा केबल जुनी असू शकते. फायबर ठीक असेल. वायफायचा आणि डबीच्या सेटिंगच्या पानाचा, दोन्ही पासवर्ड त्याच दिवशी बदला. दूरवरून सीसीटीव्ही बघत असाल तर तो पुन्हा जुळवावा लागेल, कॅमेरेवाल्याला सांगून ठेवा.

८. फोन जोडणं आणि घरातली जुनी तार

डबीच्या मागे फोनचं छोटं पोर्ट असतं. त्यावर टेल, फोन किंवा पॉट्स असं लिहिलेलं असतं. एकच फोन असेल तर थेट त्यात लावा, काम झालं.

एक्स्टेन्शन असतील तर घरातली जुनी तांब्याची वायरिंग वापरता येते. डबीच्या फोन पोर्टातून एक तार रोझेटमध्ये द्यायची, म्हणजे सगळे जुने सॉकेट जिवंत होतात. पण त्याआधी बाहेरून येणारी तार रोझेटमधून पूर्ण सोडवायलाच हवी. ती राहिली आणि एक्स्चेंजकडचे ४८ व्होल्ट अजून तिच्यावर असले, तर ते उलटे डबीच्या पोर्टात शिरतात आणि पोर्ट जळू शकतं. नंतर इंटरनेट मस्त चालतं, फक्त फोन मुका, आणि दोष कोणालाच सापडत नाही.

आधी सोडवा, टोकांना टेप गुंडाळा, मग नवी जोडा. डबी दोन-तीन फोनची घंटी आरामात वाजवते. जुने घणघणणारे पाच फोन एकदम लावले तर एकही धड वाजणार नाही.

९. फोनची खरी चाचणी

नुसता डायल टोन ऐकून ‘चालू झाला’ म्हणू नका. मोबाइलवरून लँडलाइनला फोन करा. लँडलाइनवरून मोबाइलला करा, आधी शून्य लावून, तो नियम फायबरवरही आहे. दहा मिनिटं सलग बोला. सुरुवातीला नीट आणि तीन मिनिटांनी आवाज एकतर्फी होत असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये गडबड आहे, तेव्हाच सांगा. बँकेचा किंवा गॅसचा ‘एक दाबा, दोन दाबा’ वाला नंबर लावून बटणं पोचतात का ते बघा. फोन करणाऱ्याचा नंबर डिस्प्लेवर येतो का तेही. ११२ चाचणीसाठी लावू नका.

आता मेन स्विच पाडा. डबी चालू राहिली का? की क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतली? काही इन्व्हर्टर वीज बदलताना एवढा वेळ घेतात की डबीचा श्वास तुटतो. तसं झालं तर मध्ये छोटा यूपीएस लागेलच. आणि आपल्या घरी वीज असली तरी भागातल्या केबलवाल्याच्या यंत्राची बॅटरी संपली की सगळी गल्ली बंद होते. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांजवळ चार्ज केलेला साधा मोबाइल असू द्या.

१०. जुनं बंद करताना

पहिलं बिल बारकाईने वाचा. जुना ब्रॉडबँड प्लॅन आणि नवा, दोन्हींचं भाडं एकाच तारखांसाठी लागलेलं मी एकाहून जास्त घरांत बघितलं आहे. जुना प्लॅन कोणत्या तारखेला संपला आणि अनामत रक्कम नव्या खात्यात वळती झाली की परत येणार, हे विचारा. भाड्याचा मोडेम परत करून पावती घ्या. ओएनटी विकत घेतलीय की कंपनीची आहे, तेही पावतीवर दिसलं पाहिजे. पुढे कधी फोन सोडायचा झाला तर वाद तिथेच होतो.

भिंतीवरची जुनी तार पंधरा दिवस राहू द्या, मग काढा.

लाल दिवा लागला तर

लॉसचा लाल दिवा म्हणजे डबीपर्यंत उजेड पोचत नाही. डबी बंद-चालू करून काही होत नाही आणि रीसेटच्या बारीक भोकात पिन तर अजिबात घालू नका. सेटिंग पुसली जाते आणि एका दुरुस्तीच्या दोन होतात. आधी शेजाऱ्याला विचारा. त्याच्याकडेही लाल असेल तर सिमेंट रोडच्या खोदकामात पुढची केबल गेली असण्याची शक्यता जास्त. फक्त तुमच्याकडेच असेल तर गुंडाळलेली केबल, खिडकी, गच्ची बघा. पॉन हिरवा आहे, इंटरनेट आहे, फक्त फोन मुका आहे, असं असेल तर केबल ठीक आहे. तक्रारीत ‘फोन बंद’ एवढंच न लिहिता हेच सगळं लिहा, म्हणजे शिडी घेतलेला माणूस उगाच खांबावर चढणार नाही.

तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्या. उत्तर पटलं नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला शुल्क नाही. आणि तक्रार करताना डबीखालचा तो चिटोरा काढून वाचा: ‘बसवताना उणे २१ होता.’ समोरचा माणूस नवा मीटर लावतो, उणे २८ दिसतं, आणि ‘तुमचं वायफायच खराब आहे’ हे वाक्य तो गिळतो.